चिंब, दमट, निथळते : ओल्या गोष्टींसाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याच्या हाती ‘वेट’ हा शब्द फार लवकर येतो आणि मग पुढे बराच काळ तो एकटाच सगळे काम ओढतो. पावसात भिजलेला माणूस वेट, नुकतीच पुसलेली फरशी वेट, ओल धरलेली भिंत वेट, दुधात पडून लगदा झालेले बिस्कीट वेट, आणि एखादी गोष्ट जरा जास्तच भिजली असेल तर ‘व्हेरी वेट’. व्याकरणाच्या दृष्टीने यात चुकीचे काही नाही आणि ऐकणाऱ्याला अर्थही कळतो. पण मराठीत आपण असे बोलत नाही. मराठीत माणूस चिंब भिजतो, फरशी ओलसर असते, भिंतीला ओल येते, बिस्किटाचा लगदा होतो, केस निथळतात आणि हवा दमट असते. हे भेद ज्याच्या जिभेवर आधीपासून आहेत त्याला इंग्रजीतले भेद परके वाटण्याचे कारण नाही. दोन्ही भाषा मुळात एकच पाहतात : पाणी किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, तिथे कसे पोहोचले आणि त्याने वस्तूचे काय केले. पुढच्या पायऱ्या साधारण याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : टॉवेल घेऊन नळाशी उभे राहा

शब्दांची यादी पाठ करण्याआधी एक कोरडा टॉवेल हातात घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ओले हात त्याला दोनतीनदा पुसले की टॉवेलाला हात लावताना गारवा जाणवतो, पण हाताला पाणी लागत नाही; ही अवस्था ‘डॅम्प’. आता तो नळाखाली धरा. काही क्षणांतच तो ‘वेट’ होतो, म्हणजे हात लावला तर हात ओला होईल इतका. तसाच धरून ठेवला की पाणी धाग्याधाग्यात शिरते आणि टॉवेल जड होतो; आता तो ‘सोक्ड’ झाला. आणखी थोड्या वेळाने अशी स्थिती येते की टॉवेल आणखी पाणी घेऊच शकत नाही, वरून पडणारे सगळे पाणी खालून वाहून जाते. ही ‘सॅच्युरेटेड’ अवस्था. नळ बंद करून टॉवेल उचलला की त्याच्या टोकांवरून धार आणि मग थेंब गळू लागतात, तेव्हा तो ‘ड्रिपिंग वेट’. पिळला तर बादलीत पाणी पडेल अशा टॉवेलाला ‘रिंगिंग वेट’ म्हणतात. यातल्या ‘रिंगिंग’चा घंटेशी संबंध नसून तो पिळण्याच्या क्रियापदावरून आला आहे, आणि लिहिताना त्याच्या आरंभी असलेले अक्षर उच्चारात येत नाही. शेवटी टॉवेल घट्ट पिळून काढा. तो पुन्हा ‘डॅम्प’ होतो.

या साध्या प्रयोगातून दोन गोष्टी पक्क्या होतात. पहिली अशी की ‘सॅच्युरेटेड’ हा शब्द भरपूर पाण्याचा नसून संपलेल्या क्षमतेचा आहे. त्याच्या मुळाशी तृप्त, पोट भरलेला अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि विज्ञानातही तो याच अर्थाने वापरतात : साधारण खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते, त्यानंतर टाकलेले मीठ तळाशी बसते, आणि त्या द्रावणाला सॅच्युरेटेड म्हणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता 100 टक्के झाली की हवाही सॅच्युरेटेड होते. म्हणून केसांतून पाणी गळते आहे एवढ्यावरून कोणाला सॅच्युरेटेड म्हणणे शास्त्राला धरून होईल, पण रोजच्या बोलण्यात ते जड वाटेल. तिथे ‘सोक्ड’ पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट ‘डॅम्प’ची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर खरे नुकसान होऊ शकते. उपकरणांच्या माहितीपत्रकात ‘वाइप विथ अ डॅम्प क्लॉथ’ अशी सूचना नेहमी असते. अशा एका पत्रकाचे भाषांतर करताना मी सुरुवातीला सहजपणे ‘ओल्या फडक्याने पुसावे’ असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते वाक्य वाचून पेन खाली ठेवले आणि विचारले, ‘ओल्या म्हणजे किती ओल्या? पाणी आत गेले तर?’ त्यावर बोलून आम्ही ‘पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने’ असे केले. तेव्हापासून ‘डॅम्प’ दिसला की मला पिळलेले फडके दिसते. उलट दिशेने लिहितानाही हे ध्यानात ठेवावे : विजेच्या उपकरणाविषयी इंग्रजीत सूचना लिहायची असेल तर तिथे ‘वेट क्लॉथ’ कधीही लिहू नये.

दुसरी पायरी : पाणी कसे आले ते विचारा

‘सोक्ड’ आणि ‘ड्रेंच्ड’ हे दोन शब्द शब्दकोशात जवळजवळ सारखेच दिसतात आणि पावसात भिजून घरी आलेला माणूस दोन्ही वापरू शकतो. तरीही त्यांच्या मुळात जो फरक आहे तो मराठी माणसाला फार पटकन समजतो. ‘ड्रेंच’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘पिणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. आपल्याकडे जसे पिणे आणि पाजणे, तसेच तिकडे ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’. जनावराला तोंडात औषध ओतून पाजण्याला इंग्रजीत आजही ‘ड्रेंच’ म्हणतात. ‘सोक’चे नाते चोखणे या अर्थाच्या ‘सक’शी सांगितले जाते. म्हणजे ‘सोक’मध्ये वस्तू पाणी स्वतः पिते आणि ‘ड्रेंच’मध्ये तिला पाणी पाजले जाते.

हे एकदा मनात बसले की पुष्कळ वाक्ये आपोआप सुटतात. रात्रभर भिजत घातलेल्या कडधान्याला ‘सोक्ड’ म्हणावे, ‘ड्रेंच्ड’ म्हणू नये, कारण तिथे कोणी पाणी अंगावर ओतलेले नाही. दाणे पाण्यात पडून राहिले आणि त्यांनी ते शोषून घेतले. डागावर साबण लावून कपडा बादलीत ठेवला असेल तर तोही ‘सोक’. अचानक आलेल्या सरीने गाठले, रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाने डबक्यातले पाणी अंगावर उडवले, बोटीवर लाट आदळली, अशा वेळी ‘ड्रेंच्ड’ जास्त बोलका आहे, कारण पाणी बाहेरून आणि जोराने आले. आगीवर पाणी ओतण्यासाठी किंवा एखाद्या वस्तूवर पेट्रोल ओतण्यासाठी ‘डाउस’ हे वेगळे क्रियापद आहे. बातम्यांत ते वारंवार येते. चहाची पाने गरम पाण्यात ठेवून अर्क उतरू देणे म्हणजे ‘स्टीप’. तिथे पाण्याने वस्तू भिजते यापेक्षा वस्तूतले काहीतरी पाण्यात उतरते, याला महत्त्व आहे.

‘सोक’च्या रूपांविषयी नवशिक्याने थोडे सावध असावे. ‘आय ॲम सोक्ड’ म्हणजे मी चिंब भिजलो आहे. ‘आय ॲम सोकिंग’ असेही ब्रिटिश बोलण्यात त्याच अर्थाने म्हणतात, आणि ‘सोकिंग वेट’ तर सगळीकडेच चालते. पण ‘द क्लोद्स आर सोकिंग’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : कपडे चिंब झाले आहेत, किंवा कपडे भिजत घातले आहेत. कोणता अर्थ घ्यायचा हे प्रसंगावरून ठरते. आपल्याला संदिग्धता नको असेल तर पहिल्या अर्थासाठी ‘सोक्ड’ किंवा ‘सोकिंग वेट’ वापरणे उत्तम.

अंगावरच्या कपड्यांतून पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचले असेल तर ‘सोक्ड टू द स्किन’ म्हणतात. ‘वेट थ्रू’ हा त्याहून साधा आणि रोजचा प्रयोग आहे. केस कपाळाला चिकटलेले, कपडे अंगाला चिकटलेले, चेहरा केविलवाणा असे कोणाचे रूप सांगायचे असेल तर इंग्रजीत बुडालेल्या उंदराची उपमा देतात, ‘लाइक अ ड्राउन्ड रॅट’. मात्र ती जवळच्या माणसांतच शोभते.

तिसरी पायरी : पाण्याने वस्तूचे काय केले

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा, कारण इथे शब्द चुकला तर नुसता अर्थ नव्हे, बोलणाऱ्याची आवडनिवडही चुकीची पोहोचते.

‘सॉगी’ हा शब्द तक्रारीचा आहे. जी वस्तू कुरकुरीत, घट्ट किंवा कोरडी असायला हवी होती ती पाण्याने मऊ, ढिली, बेचव झाली, असे तो सांगतो. दुधात फार वेळ राहिलेले बिस्कीट, टोमॅटोच्या रसाने भिजलेला सँडविचचा पाव, पावसात राहिलेला कागदी पुठ्ठा, हे सगळे सॉगी. इथे आपल्या ‘सादळणे’ या सुंदर क्रियापदाची आठवण होते, पण दोन्ही एक नव्हेत. उघड्या डब्यातले बिस्कीट हवेतली ओल घेऊन सादळते. त्याला इंग्रजीत सॉगी म्हणण्यापेक्षा ‘सॉफ्ट’ झाले किंवा ‘स्टेल’ झाले असे म्हणतात. सॉगी होण्यासाठी बहुधा प्रत्यक्ष द्रव पदार्थ लागतो.

‘मॉइस्ट’ हा बराचसा त्याच्या उलट बाजूचा शब्द आहे. केक मॉइस्ट असला तर ती स्तुती आहे. कुंडीतली माती मॉइस्ट असली तर रोपाला ती मानवते. त्वचा मॉइस्ट राहावी म्हणून लोक मलम लावतात. म्हणजे हवी तेवढी, सुखद ओल. त्याच केकला ‘डॅम्प’ म्हटले तर करणाऱ्याचा चेहरा पडेल, आणि ‘वेट’ म्हटले तर केक आतून कच्चा राहिला असे वाटेल. मात्र एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे : इंग्रजी भाषकांपैकी काहींना ‘मॉइस्ट’ हा शब्द ऐकूनच किळस येते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात अशा लोकांचे प्रमाण सुमारे 10 ते 20 टक्के आढळले, आणि त्याचे कारण शब्दाच्या ध्वनीपेक्षा शरीरातल्या स्रावांशी त्याचा जोडला जाणारा अर्थ असल्याचे दिसले. म्हणून खाद्यपदार्थ, माती आणि त्वचा यांपुरता तो निःशंकपणे वापरावा, माणसांच्या वर्णनात जपून.

‘सॉडन’ म्हणजे पाणी पिऊन जड, थबथबीत झालेला. पावसाने भिजलेले गवत, चिखलात रुतलेले बूट, लोकरी कोट यांना तो शोभतो. हे ‘उकळणे’ या अर्थाच्या ‘सीद’ या क्रियापदाचे जुने भूतकाळवाचक विशेषण आहे. मूळ अर्थ ‘उकडलेला’ असा होता आणि पाण्यात राहून फुगलेल्या, मऊ झालेल्या वस्तूवरून तो आजच्या अर्थापर्यंत आला. बोलण्यापेक्षा लिखाणात तो अधिक दिसतो. ‘सॉपिंग वेट’ मात्र बोलण्यातला आहे. त्याच्या मुळाशी ‘सॉप’ म्हणजे रश्शात बुडवलेला पावाचा तुकडा आहे, आणि आपण ज्याला सूप म्हणतो तो शब्दही त्याच कुळातला.

शरीराविषयी बोलताना ‘क्लॅमी’ शिकून घ्यावा. गार आणि चिकट ओल म्हणजे क्लॅमी. भीतीने हाताला सुटणारा घाम क्लॅमी असतो, आणि ‘कोल्ड, क्लॅमी स्किन’ हे वर्णन प्रथमोपचाराच्या पुस्तकात शॉकच्या लक्षणांत येते. धावून आलेल्या माणसाचा घाम मात्र क्लॅमी नव्हे. तो ‘ड्रेंच्ड इन स्वेट’ किंवा ‘ड्रिपिंग विथ स्वेट’. डोळ्यांचेही असेच आहे. भावनेने डोळे पाणावले तर ‘मॉइस्ट’ किंवा ‘टिअरी’. कांदा कापताना किंवा सर्दीने पाणी येत असेल तर ‘वॉटरी’. निरोपाच्या प्रसंगी ‘वॉटरी आइज’ लिहिले तर वाचणाऱ्याला आधी सर्दी आठवू शकेल.

चौथी पायरी : हवा, भिंत आणि जमीन

हवेसाठी ‘ह्यूमिड’ हा तटस्थ शब्द आहे. तो हवामानाच्या अहवालात येतो आणि आपल्या ‘दमट’ला सर्वांत जवळचा आहे. उकाडा, घाम आणि कोंदटपणा एकत्र आले की ‘मगी’; त्यात नापसंती आहे. ‘डॅम्प’ हवेत मात्र थंडी गृहीत असते, आणि तळघरासारख्या अंधाऱ्या, गार, कुबट जागेला ‘डँक’ म्हणतात. उन्हाळ्यातल्या दमट दुपारीला ‘डॅम्प’ म्हणणे म्हणूनच खटकते.

भिंतीच्या ओलीला नाम म्हणूनही ‘डॅम्प’च वापरतात. जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते, त्याला ‘रायझिंग डॅम्प’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ वाफ किंवा वायू असा होता, आणि तो कोळशाच्या खाणींत टिकून राहिला : खाणीत साठणाऱ्या मिथेनयुक्त ज्वालाग्राही वायूला ‘फायरडॅम्प’ म्हणतात. तो शब्द वाचताना ओलावा शोधू नये.

जमिनीवर पाणी उभे असेल आणि जमीन दिसत नसेल तर ‘फ्लडेड’. जमिनीने पोटभर पाणी घेतले आहे, आता ते मुरत नाही, अशी स्थिती म्हणजे ‘वॉटरलॉग्ड’. शेतीच्या लेखनात याचा अर्थ अगदी नेमका असतो, मातीतली हवेची जागा पाण्याने भरली आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला. पावसामुळे फुटबॉलचा सामना रद्द झाला तर मैदान वॉटरलॉग्ड असल्याचे सांगतात, तर क्रिकेटच्या बातम्यांत ‘वेट आउटफील्ड’ हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. मुळातच पाणथळ, दलदलीची जमीन ‘मार्शी’ किंवा ‘बॉगी’, आणि चालताना पायाखाली पचपच आवाज होणारी ‘स्क्वेल्ची’.

लाकडाचे उदाहरण वेगळे घेतो. मराठीत नुकत्याच तोडलेल्या, आतला रस न वाळलेल्या लाकडाला आपण ओले लाकूड म्हणतो. इंग्रजीत ते ‘ग्रीन वुड’. ‘वेट वुड’ म्हटले तर पाऊस पडून भिजलेले लाकूड असा अर्थ होईल. दोन्ही जळताना धूर करतात, पण पहिले वाळायला कित्येक महिने लागतात.

पाचवी पायरी : शब्दाच्या आजूबाजूचे शब्द

नेमका शब्द सापडल्यावरही वाक्य बिघडते ते शेजारच्या शब्दांमुळे. ‘वेट’, ‘डॅम्प’, ‘ह्यूमिड’, ‘मॉइस्ट’ यांच्यामागे ‘व्हेरी’ लावता येते. ‘सोक्ड’, ‘ड्रेंच्ड’, ‘सॅच्युरेटेड’ हे शब्द मात्र आधीच टोकाला पोहोचलेले आहेत. मराठीत ‘खूप चिंब’ म्हणत नाहीत, ‘अगदी चिंब’ म्हणतात. तसेच ‘व्हेरी सोक्ड’ न म्हणता ‘ॲब्सोल्यूटली सोक्ड’ किंवा ‘कम्प्लीटली ड्रेंच्ड’ म्हणावे. ‘सोकिंग’, ‘ड्रिपिंग’, ‘सॉपिंग’, ‘रिंगिंग’ यांच्यापुढे ‘वेट’ जोडला की जोर त्यातच येतो, वेगळे क्रियाविशेषण लागत नाही.

घामासाठी किंवा रक्तासाठी ‘सोक्ड इन’ आणि ‘सोक्ड विथ’ दोन्ही चालतात, ‘ड्रिपिंग’ला ‘विथ’ लागतो आणि ‘स्टीप्ड’ला ‘इन’. पाण्याचे हे शब्द कामाच्या आणि बाजाराच्या भाषेतही गेले आहेत : कामाचा ढीग पडलेला माणूस ‘स्वॉम्प्ड’, पत्रांचा किंवा चौकशीचा पूर आलेले कार्यालय ‘इननडेटेड’, आणि नव्या विक्रेत्याला जागा न उरलेली बाजारपेठ ‘सॅच्युरेटेड’. ‘इननडेटेड’ औपचारिक पत्रात चांगला दिसतो. सहकाऱ्याशी बोलताना ‘स्वॉम्प्ड’ पुरतो. ब्रिटिश बोलण्यात माणसाला नुसते ‘वेट’ म्हटले तर तो नेभळट आहे असा अर्थ निघतो. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या कठोर आर्थिक धोरणाला पक्षातूनच विरोध करणाऱ्या हुजूर पक्षीय नेत्यांना ‘वेट्स’ म्हणत असत.

एक चूक मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावी. ‘मी भिजलो’ हे सांगण्यासाठी ‘आय गॉट वेट’ किंवा ‘आय गॉट सोक्ड’ म्हणावे. ‘आय वेट मायसेल्फ’ या वाक्याचा अर्थ कपड्यांत लघवी झाली असा होतो. ‘वेट’ हे क्रियापद म्हणून बरोबर आहे, कापड किंवा केस ओले करण्यासाठी ते वापरतातही, पण कर्ता आणि कर्म दोन्ही आपणच असू तिथे ते वापरू नये.

सहावी पायरी : मोठ्याने म्हणून पाहा

देवनागरीत आपण ‘वेट’ असे लिहितो तेव्हा त्यात इंग्रजीतले चार शब्द मावतात : ओला, थांबणे, वजन आणि जनावरांचा डॉक्टर. इंग्रजी कानाला यांतले ओला, थांबणे आणि जनावरांचा डॉक्टर हे तिन्ही स्वतंत्र ऐकू येतात. थांबणे आणि वजन यांचा उच्चार मात्र तिथेही एकच आहे. ओल्याचा ‘वेट’ आखूड आहे. त्यातला ए अगदी थोडक्यात उच्चारून लगेच ट वर यावे. थांबण्याचा आणि वजनाचा ‘वेट’ लांब आहे आणि त्याच्या शेवटी किंचित इ ऐकू येते. जनावरांच्या डॉक्टरचा शब्द ओल्याइतकाच आखूड आहे, पण त्याची सुरुवात वरचे दात खालच्या ओठावर टेकवून होते; ओल्याच्या ‘वेट’मध्ये दात कुठेही लागत नाहीत, ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होतात आणि मग उघडतात. मराठीच्या ‘व’ची सवय असलेल्या तोंडाला हा फरक सुरुवातीला जड जातो, म्हणून आरशासमोर उभे राहून ओठांकडे पाहत सराव करावा.

‘सोक्ड’ आणि ‘ड्रेंच्ड’ हे लिहिताना शेवटी ‘ड’ दिसतो, पण उच्चार ‘सोक्ट’ आणि ‘ड्रेंच्ट’ असा होतो, आणि दोन्ही एका झटक्यात, एकाच उच्चारखंडात म्हणायचे असतात. ‘सोकेड’ किंवा ‘ड्रेंचेड’ असे दोन तुकडे करू नयेत. ‘सॅच्युरेटेड’, ‘फ्लडेड’ आणि ‘इननडेटेड’ यांच्या मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड चा ध्वनी असल्यामुळे तिथे मात्र शेवटचा ‘इड’ स्पष्ट, वेगळा उच्चारावा लागतो.